न्यायाची साक्ष आणि आपला-परका



२४ सप्टेंबर २०२४ ची सकाळ आपल्यापैकी अनेकांच्या स्मरणात असेल. बदलापूरच्या शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार केल्याचा आरोप असलेला तरुण आदल्या दिवशी संध्याकाळी मुंब्रा बाह्यवळण रस्त्यावर पोलिसांच्या गाडीतच पोलिसांच्या गोळीने मारला गेला होता. त्याने पोलिसाचे पिस्तूल हिसकावून गोळीबार केला, म्हणून स्वसंरक्षणासाठी गोळी झाडावी लागली, असे पोलिसांचे म्हणणे होते. काही ठिकाणी लोकांनी फटाके उडविले, मिठाई वाटली. मी ज्या कार्यालयात काम करतो, तेथेही एका सहकाऱ्याने पेढ्यांचा पुडा आणला होता. त्याने तो माझ्यापुढे धरला. मी पेढा घेतला आणि खाल्ला. माझ्या घरातही लहान मुलगी आहे. खरे सांगायचे तर त्या दिवशी मला आत कोठेतरी बरे वाटले होते.

थोड्या वेळाने शेजारच्या टेबलावरचे एक ज्येष्ठ सहकारी माझ्याजवळ येऊन बसले. आवाज खाली आणून ते म्हणाले, "भाई, एक विचारू का? राग मानू नका. चार वर्षांपूर्वी ख्वाजा यूनुसच्या खटल्यातले पोलीस पुन्हा नोकरीत घेतले, तेव्हा तुम्ही आमच्याशी चांगलेच भांडला होता. कोठडीत कोणालाही मारण्याचा अधिकार पोलिसांना नाही, असे तुम्ही म्हणाला होता. तो माणूस तुमचा होता. आज मेलेला माणूस तुमचा नाही, आणि तुम्ही पेढा खाल्लात. मग ते भांडण न्यायासाठी होते की आपल्या माणसासाठी?"

माझ्यापाशी उत्तर नव्हते. ज्या सहकाऱ्याशी मी पूर्वी इतक्या तावातावाने वाद घातला होता, त्यानेच माझ्या हातात माझी तागडी ठेवली होती आणि ती सरळ नव्हती.

हा प्रश्न केवळ माझा नाही. कारखान्यात, बँकेत, शिक्षकांच्या खोलीत, एस.टी.च्या डेपोत, रिक्षाथांब्यावर आपण निरनिराळ्या धर्मांच्या आणि विचारांच्या माणसांबरोबर आयुष्याचा मोठा भाग काढतो. कोणाला तरी पोलिसांनी मारल्याची बातमी येते, डबा खाताना विषय निघतो आणि मतभेद होतात. अशा वेळी आपल्यासमोर सहसा तीन वाटा असतात. पहिली, मान खाली घालून गप्प बसण्याची. दुसरी, संतापून भांडण्याची. तिसरी, पीडित आपला असेल तेव्हा बोलण्याची आणि परका असेल तेव्हा गप्प राहण्याची. या तिन्ही वाटा आपल्या दीनच्या कसोटीवर तपासून पाहणे आवश्यक आहे.

साक्ष कोणासाठी?

सूरह अन्-निसाच्या १३५ व्या आयतीत अल्लाहने ईमानधारकांना आदेश दिला आहे की त्यांनी न्यायावर ठामपणे उभे राहावे आणि अल्लाहसाठी साक्ष द्यावी. मग ती स्वतःच्या, आईवडिलांच्या किंवा जवळच्या नातलगांच्या विरुद्ध का जाईना. सूरह अल्-माइदाच्या आठव्या आयतीत बजावले आहे की एखाद्या लोकसमूहाशी असलेल्या वैरामुळेसुद्धा तुमच्या हातून न्याय सुटता कामा नये, कारण न्याय हाच तक्व्याच्या अधिक जवळ आहे. माणसाची तागडी मुख्यतः दोन कारणांनी झुकते. एक माया आणि दुसरे वैर. पहिल्या आयतीने मायेची वाट बंद केली आणि दुसरीने वैराची.

ही शिकवण केवळ उपदेशापुरती राहिली नाही. सूरह अन्-निसाच्या १०५ व्या आयतीपासून पुढील आयतींची पार्श्वभूमी सांगताना भाष्यकारांनी मदीनेतील एक प्रसंग नोंदविला आहे. एका घरातून चिलखत चोरीस गेले. संशय बनू उबैरिक घराण्यातील, मुसलमान म्हणवणाऱ्या एका माणसाकडे वळला. तेव्हा ते चिलखत एका यहुदी माणसाकडे सापडेल अशी व्यवस्था करून चोरीचा आळ त्याच्यावर ढकलण्यात आला. घराण्यातील मंडळी आपल्या माणसाची वकिली करण्यासाठी प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे गेली. आळ आलेला माणूस परधर्मीय होता, त्याच्या बाजूने बोलणारे कोणी नव्हते, आणि पुराव्यासारखी दिसणारी वस्तू त्याच्या घरात होती. परंतु वहीने त्या यहुद्याला निर्दोष ठरविले, विश्वासघात करणाऱ्यांचा कैवार घेऊ नये अशी ताकीद दिली, आणि आपले पाप निरपराध्याच्या माथी मारणारा किती मोठ्या अपराधाचे ओझे उचलतो हेही सांगितले.

वाचकहो, या प्रसंगाकडे नीट पाहा. अल्लाहच्या ग्रंथातील आयती एका परधर्मीय आरोपीची अब्रू राखण्यासाठी अवतरल्या, आणि त्या आपल्याच माणसांच्या गटबाजीच्या विरोधात होत्या. या आयती जो नमाजमध्ये वाचतो, त्याला "आपला" आणि "परका" पाहून न्यायाची बाजू ठरविता येत नाही.

कोठडीतील मार

आता मूळ विषयाकडे येऊ. सत्ता ज्याच्या हाती आहे, त्याने ताब्यातील माणसाला छळावे काय? या प्रश्नावर आपल्या परंपरेत अगदी स्पष्ट उदाहरणे आहेत.

सहीह मुस्लिममध्ये हजरत हिशाम बिन हकीम (रजि.) यांची हकिकत आहे. शामच्या प्रदेशातून जाताना त्यांना दिसले की काही शेतकऱ्यांना भर उन्हात उभे करून ठेवले आहे. करवसुलीसाठी त्यांना ही शिक्षा दिली जात होती. ते शेतकरी मुसलमान नव्हते. ती सत्ता मात्र मुसलमानांची होती. "आपलेच सरकार आहे, उगाच बोलून त्याची बदनामी कशाला?" असा विचार हजरत हिशाम (रजि.) यांनी केला नाही. जे लोक दुनियेत माणसांना यातना देतात, त्यांना अल्लाह यातना देईल, हे प्रेषित (स.) यांचे म्हणणे आपण स्वतः ऐकले आहे, अशी साक्ष त्यांनी तेथेच दिली. मग ते त्या भागाच्या अधिकाऱ्याकडे गेले, त्याला ही हदीस ऐकविली आणि त्याने त्या लोकांना सोडून देण्याचा हुकूम दिला.

दुसरी हकिकत सुनन अबू दाऊदमध्ये आहे. काही लोकांचा माल चोरीस गेला. त्यांनी काही विणकरांवर संशय घेतला आणि त्यांना हजरत नुअमान बिन बशीर (रजि.) यांच्यापुढे आणले. त्यांनी त्या विणकरांना काही दिवस अडकवून ठेवले आणि मग सोडून दिले. तक्रारदार चिडले, न मारता, न कसता त्यांना कसे सोडले, असे विचारू लागले. त्यावर हजरत नुअमान (रजि.) यांनी त्यांच्यापुढे एक अट ठेवली. तुमची इच्छा असेल तर मी त्यांना मारतो. माल निघाला तर ठीक, पण निघाला नाही तर जितका मार त्यांच्या पाठीवर बसला तितकाच तुमच्या पाठीवर बसेल. हा तुमचा निर्णय काय, असे त्या लोकांनी विचारले. हा अल्लाहचा आणि त्याच्या प्रेषितांचा निर्णय आहे, असे उत्तर त्यांना मिळाले.

आज पोलीस कोठडीत ज्याला "थर्ड डिग्री" म्हणतात, त्याविषयीचा हा सुमारे साडेतेरा शतकांपूर्वीचा निवाडा आहे. "दोन फटके दिले की सगळे बाहेर येते," असे म्हणणाऱ्याने आपली पाठ पणाला लावून पाहावी, एवढेच त्यात सांगितले आहे. आपल्या देशाच्या कायद्याचीही दिशा हीच आहे. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्यापासून आजच्या भारतीय साक्ष अधिनियमापर्यंत पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा मानला जात नाही, आणि राज्यघटनेच्या २० व्या अनुच्छेदानुसार कोणाही आरोपीवर स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही. मारून वदवून घेतलेले शब्द खरे असतीलच असे नाही, हे अनुभवाने शिकल्यावरच असे नियम होतात.

सहकाऱ्यांचे प्रश्न

मात्र आपले सहकारी जे बोलतात, त्याकडे "पूर्वग्रह" म्हणून तुच्छतेने पाहू नये. त्यांच्या प्रश्नांत खरी वेदना असते. ते प्रश्न प्रामाणिकपणे ऐकून घेणे हासुद्धा न्यायच आहे.

पहिला प्रश्न असा असतो : "न्यायालयात वर्षानुवर्षे निकाल लागत नाही. त्यापेक्षा जागच्या जागी निकाल लागला तर वाईट काय?" विलंबाची तक्रार खरी आहे आणि ती आपलीही आहे. परंतु २६ नोव्हेंबर २००८ आठवा. गिरगाव चौपाटीवर सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी स्वतःच्या देहावर गोळ्या झेलून कसाबला जिवंत पकडून दिले. साऱ्या देशाने ज्याला गोळीबार करताना पाहिले होते, त्यालाही वकील मिळाला, खटला चालला, सर्वोच्च न्यायालयापर्यंत अपील झाले आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी फाशी झाली. त्याच खटल्यात कटात सहभागी असल्याचा आरोप ठेवलेले दोन भारतीय मुसलमानही उभे होते. पुरावा विश्वासार्ह नाही म्हणून विशेष न्यायालयाने, मग उच्च न्यायालयाने आणि शेवटी सर्वोच्च न्यायालयाने त्या दोघांना निर्दोष ठरविले. त्या दिवसांतील संतापात जागच्या जागी निकाल लावला गेला असता, तर त्या दोघांचे काय झाले असते? अपराधी आणि निरपराध यांना वेगळे काढणारी चाळणी न्यायालयाखेरीज दुसरीकडे नाही. चाळणी संथ असेल तर ती वेगवान करण्याची मागणी करावी. ती फेकून देण्याची नव्हे.

दुसरा प्रश्न मुसलमान सहकाऱ्याला हमखास विचारला जातो : "तुमच्या धर्मात तर इतक्या कठोर शिक्षा आहेत. मग चकमकीला तुमचा विरोध कसा?" हा प्रश्न टाळू नये. इस्लामी कायद्यात काही शिक्षा कठोर आहेत हे खरे, परंतु जेथे शिक्षा कठोर आहे तेथे पुराव्याची अटही तितकीच कठोर आहे, आणि शिक्षा देण्याचा अधिकार न्यायाधीशाचा आहे. शिपायाचा, जमावाचा किंवा पीडिताच्या नातलगाचा नाही. हजरत साद बिन उबादा (रजि.) हे मानी सरदार होते. आपल्या पत्नीजवळ परपुरुष दिसला तर चार साक्षीदार आणेपर्यंत त्याला सोडून द्यायचे काय, असे त्यांनी प्रेषित (स.) यांना विचारले. उत्तर होकारार्थी मिळाले. याहून मोठा संताप पुरुषाच्या मनात कोणता असेल? तरीही त्या संतापाला तलवार उपसण्याची परवानगी मिळाली नाही. लोकांच्या केवळ दाव्यावर निर्णय दिले गेले, तर माणसे एकमेकांच्या जिवावर आणि मालमत्तेवर हक्क सांगू लागतील, हा इशाराही हदीसमध्ये आहे.

तिसरा प्रश्न सर्वांत जड आहे : "त्या मुलींच्या बापाच्या जागी स्वतःला ठेवून पाहा." जरूर पाहावे. मी पाहिले, म्हणूनच तो पेढा माझ्या घशाखाली उतरला. परंतु त्या बापाला दोन गोष्टींची गरज असते : खऱ्या गुन्हेगाराला शिक्षा होण्याची, आणि ज्यांच्या निष्काळजीपणामुळे किंवा लपवाछपवीमुळे गुन्हा घडला वा दडपला गेला, त्यांचीही चौकशी होण्याची. मेलेला आरोपी उलटतपासणीला उभा राहत नाही. त्याच्याबरोबर अनेक उत्तरे पुरली जातात. २०१९ च्या डिसेंबरात हैदराबादजवळ एका तरुण पशुवैद्यक महिलेच्या हत्येतील चार आरोपींना पोलिसांनी चकमकीत ठार केले, तेव्हा पोलिसांवर फुले उधळली गेली होती. सर्वोच्च न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती विकास सिरपूरकर यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात आयोगाने म्हटले की आरोपींवर जाणूनबुजून, जीव घेण्याच्या हेतूने गोळीबार झाला होता आणि त्यांपैकी तिघे घटनेच्या वेळी अल्पवयीन होते. त्या फुलांच्या वर्षावात त्या मृत मुलीला न्याय मिळाला की तिचा खटलाच मिटविला गेला, याचा विचार करावा.

चौथा प्रश्न पोलिसांविषयीचा असतो : "ते रात्रंदिवस राबतात. तुम्ही त्यांचे मनोधैर्य खच्ची करता." यातही तथ्य आहे. सणासुदीला आपण घरी असतो तेव्हा पोलीस शिपाई रस्त्यावर उभा असतो. ओंबळे हे पोलीसच होते. "सगळे पोलीस असेच," हे वाक्य "सगळे मुसलमान असेच" या वाक्याचे जुळे भावंड आहे. पहिले उच्चारणाऱ्याला दुसऱ्याविरुद्ध तक्रार करण्याचा नैतिक अधिकार उरत नाही. आपला विरोध कृत्याला आहे, गणवेशाला नाही. ज्या शिपायाने कधी कोठडीत हात उगारला नाही, त्याची अब्रू राखायची असेल, तर हात उगारणाऱ्याला वेगळे ओळखावेच लागेल.

आपली परीक्षा

आतापर्यंतची उत्तरे आपण सहकाऱ्यांना देऊ शकतो. परंतु माझ्या त्या ज्येष्ठ सहकाऱ्याने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आपल्याला स्वतःलाच द्यायचे आहे.

परभणी शहराचे उदाहरण घेऊ. डिसेंबर २००२ मध्ये घाटकोपरला बसमध्ये झालेल्या स्फोटानंतर परभणीचा तरुण संगणक अभियंता ख्वाजा यूनुस याला पोलिसांनी पकडले. जानेवारी २००३ मध्ये, तपासासाठी नेत असताना गाडीला अपघात झाला आणि तो पळून गेला, असे पोलिसांनी सांगितले. सी.आय.डी.च्या तपासात ही हकिकत बनावट ठरली आणि पोलिसांवर खुनाचा खटला दाखल झाला. त्याचा मृतदेह आजवर सापडला नाही. त्याच्या वृद्ध आईने वर्षानुवर्षे न्यायालयाच्या पायऱ्या झिजविल्या. ही व्यथा आपल्या मोहल्ल्यांत घराघरांत माहीत आहे.

त्याच परभणीत डिसेंबर २०२४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्यासमोरील राज्यघटनेच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. आंदोलन पेटले, पोलिसांनी धरपकड केली. त्यात कायद्याचे शिक्षण घेणारा सोमनाथ सूर्यवंशी हा दलित तरुण पकडला गेला आणि काही दिवसांतच कोठडीत मरण पावला. त्याची आई न्यायालयात गेली. २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदविण्याचा आदेश दिला. शहर एकच आहे, कोठडी तशीच आहे आणि आईचे दुःखही तेच आहे. ख्वाजा यूनुसचे नाव जाणणाऱ्या आपल्या किती घरांत सोमनाथसाठी दुआ झाली? आपल्यापैकी किती जण त्याच्या आईच्या दुःखात सामील झाले?

आणि बदलापूरचा तो आरोपी? त्याच्याविषयी सहानुभूती वाटणे कठीण आहे, आणि कोणी ती वाटून घ्यावी असे माझे म्हणणे नाही. त्याच्यावरील आरोप अत्यंत घृणास्पद होता. परंतु जानेवारी २०२५ मध्ये न्यायदंडाधिकाऱ्यांचा चौकशी अहवाल मुंबई उच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा त्यात पोलिसांनी केलेला बळाचा वापर समर्थनीय नव्हता आणि पाच पोलीस त्या मृत्यूला जबाबदार आहेत, असे म्हटले होते. सूरह अल्-माइदाची ती आयत अशाच वेळेसाठी आहे. ज्याच्याविषयी आपल्याला प्रेम वाटते, त्याच्यासाठी न्याय मागायला आयतीची गरज पडत नाही; ते काम रक्ताचे नातेही करते. ज्याचा आपल्याला मनापासून तिटकारा आहे, त्याच्या बाबतीत आपली जीभ काय बोलते, येथेच ईमानाची परीक्षा होते.

येथे केवळ नीतीचा प्रश्न नाही. आपल्या साक्षीच्या विश्वासार्हतेचाही आहे. जो साक्षीदार आपल्या पक्षकाराच्या वेळीच न्यायालयात हजर होतो, त्याला कोणी साक्षीदार म्हणत नाही, हितसंबंधी म्हणतात. आपण परक्यासाठी बोललो नाही, तर आपल्या माणसासाठी बोललेले आपले शब्दही हितसंबंधी ठरतात. माझ्या सहकाऱ्याने मला नेमके हेच दाखवून दिले होते.

बोलावे कसे?

आता बोलण्याच्या रीतीविषयी. अल्लाहने हजरत मूसा (अ.) आणि हजरत हारून (अ.) यांना फिरऔनकडे पाठविले, तेव्हाही मृदू शब्दांत बोलण्याचा आदेश दिला. फिरऔनहून मोठा जुलमी कोण होता? आपला सहकारी फिरऔन नाही आणि आपण मूसा नाही. ज्याच्याशी आपण डबा वाटून खातो, ज्याने आपल्या आजारपणात आपले काम सांभाळले, त्याच्याशी तर अधिकच सौम्यपणे बोलायला हवे. चारचौघांत त्याला निरुत्तर करण्यापेक्षा एकांतात बोललेले बरे. तो सहकारी माझ्याशी आवाज खाली आणून बोलला होता, म्हणूनच त्याचे बोलणे माझ्या मनापर्यंत पोहोचले.

बोलण्यापूर्वी बातमीची शहानिशा करणे, हा सूरह अल्-हुजुरातमधील आदेश आहे. मोबाइलवर आलेली मारहाणीची चित्रफीत कोठली, कधीची, हे न तपासता ती पुढे पाठविणे आणि तिच्या आधारे पोलिसांना किंवा एखाद्या समाजाला दोषी ठरविणे, हाही जुलूमच आहे. जे ठाऊक आहे तेवढेच बोलावे. जे ठाऊक नाही तेथे "मला माहीत नाही" म्हणावे. या तीन शब्दांनी कोणाची मान खाली जात नाही.

काही वाचक म्हणतील, "बोलणे सोपे आहे, परंतु पोलिसांविरुद्ध बोललेल्या मुसलमानाकडे लगेच संशयाने पाहिले जाते. नोकरीचा प्रश्न असतो." ही भीती खोटी नाही आणि भिणाऱ्याला मी भित्रा म्हणणार नाही. वाईट गोष्ट हाताने बदलावी, ते शक्य नसेल तर जिभेने, आणि तेही शक्य नसेल तर निदान मनाने तिचा निषेध करावा, ही हदीस आपल्याला ठाऊक आहे. प्रत्येकाच्या ताकदीची येथे दखल घेतलेली आहे. परंतु मनाने निषेध ही शेवटची पायरी आहे. मनात निषेध ठेवून गप्प राहणे वेगळे, आणि मनातच आनंद मानून पेढा खाणे वेगळे. माझा अपराध मौनाचा नव्हता. मी त्या आनंदात सामील झालो होतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सहीह बुखारीतील हदीसनुसार आपल्या भावाला मदत करण्याचा आदेश आहे, मग तो पीडित असो वा अत्याचारी. आणि अत्याचाऱ्याला मदत करणे म्हणजे त्याचा हात धरणे. कोठडीत मार देणाऱ्या पोलिसाविरुद्ध बोलणे ही या अर्थाने त्या पोलिसाचीही मदत आहे. आखिरतमध्ये त्याच्या पाठीवर येणारे ओझे आपण कमी करीत असतो.

घरात काय शिकवावे?

हा विषय कार्यालयापुरता ठेवू नये. जेवणाच्या दस्तरखानावर मुले आपले बोलणे ऐकत असतात. "आपल्या" माणसावरील अन्यायाने आपण व्याकूळ होतो आणि "त्यांच्या" माणसाच्या मृत्यूवर हसतो, हे त्यांनी पाहिले, तर आपण त्यांना कितीही आयती पाठ करून घेतल्या तरी ती हेच शिकतील.

त्यांना आपला हक्कही माहीत असावा. राज्यघटनेच्या २२ व्या अनुच्छेदानुसार अटक केलेल्या माणसाला अटकेचे कारण सांगावे लागते, वकिलाचा सल्ला घेऊ द्यावा लागतो आणि प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे लागते. डी. के. बसू खटल्यात १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेल्या नियमांनुसार अटकेचा पंचनामा करून त्यावर साक्षीदाराची सही घ्यावी लागते, नातलगाला कळवावे लागते आणि कोठडीत दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी करावी लागते. मुलांनी हे नियम वहीत लिहून ठेवावेत. स्वतःसाठी आणि शेजाऱ्याच्या मुलासाठीही, मग तो शेजारी कोणत्याही धर्माचा असो.

प्रेषितत्व लाभण्यापूर्वी तरुण मुहम्मद (स.) मक्केतील अब्दुल्लाह बिन जुदआनच्या घरी झालेल्या एका करारात सहभागी झाले होते. परगावच्या एका व्यापाऱ्याचे पैसे मक्केतील एका बड्या माणसाने बुडविले होते आणि त्या परक्याच्या बाजूने बोलणारे कोणी नव्हते. तेव्हा पीडित कोणीही असो, त्याचा हक्क मिळेपर्यंत त्याच्यामागे उभे राहू, असा तो करार होता. हिल्फुल फुजूल हे त्याचे नाव. करार करणारे लोक मुसलमान नव्हते. तरीही इस्लामच्या काळात आपल्याला अशा कराराचे बोलावणे आले तर आपण ते स्वीकारू, असे प्रेषित (स.) पुढे म्हणाले. आपल्या कार्यालयातील, कारखान्यातील, शाळेतील सहकाऱ्यांशी असा करार होऊ शकतो. त्यासाठी सर्व विषयांवर एकमत व्हावे लागत नाही. ताब्यात असलेल्या माणसावर हात उगारू नये, एवढ्या एका गोष्टीवर झाले तरी पुरे.

दुसऱ्या दिवशी मी त्या ज्येष्ठ सहकाऱ्याकडे गेलो आणि म्हणालो, "भाऊ, काल माझे चुकले. तो पेढा मी खायला नको होता. त्याच्यावर खटला चालायला हवा होता." ते काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मला अजूनही वाटते, जे झाले ते बरे झाले. पण ख्वाजा यूनुसबद्दल तुम्ही तेव्हा काय म्हणत होता, ते पुन्हा एकदा सांगा." आमचे मत एक झाले नाही. परंतु त्या दिवशी त्यांनी ती हकिकत शेवटपर्यंत ऐकून घेतली.

अल्लाह आपल्या जिभांना सत्याची आणि मनांना न्यायाची जोड देवो. आपल्या माणसाच्या मायेत आणि परक्याच्या द्वेषात आपली तागडी झुकू न देवो. ज्या आयांची मुले कोठडीतून परतली नाहीत, त्या साऱ्या आयांना सब्र आणि न्याय देवो. आमीन.